फ्रीजर गोठतो, पण खालचा कप्पा गार होत नाही : दुरुस्ती, नवा फ्रीज की विमा?

रत्नागिरी परिसरात फ्रीज दुरुस्तीचे काम करताना एकाच तक्रारीसाठी मला सर्वाधिक वेळा बोलावणे येते. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा वरचा भाग चालू असतो, बर्फही होतो, मात्र खालचा कप्पा कोमट राहतो. कोणीतरी येऊन काहीतरी करून जातो, फ्रीज पंधरा-वीस दिवस नीट चालतो आणि पुन्हा तेच सुरू होते. असे दोन-तीन वेळा झाले की घरात तीन मते तयार होतात : पुन्हा दुरुस्त करावा, नवा घ्यावा, किंवा पुढच्या खेपेसाठी विस्तारित वॉरंटी वा विमा काढून ठेवावा. या तिन्ही मतांवर घरोघरी बरीच चर्चा होते, पण नेमका कोणता भाग बिघडला आहे हे त्या वेळी बहुधा कोणालाच माहीत नसते. ते कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून आधी लक्षणे आणि तपासण्या सांगतो आणि पैशांचा हिशेब नंतर मांडतो.

लक्षणे

सर्वांत आधी दूध बोलते. रात्री तापवून ठेवलेले दूध सकाळी नासते, इडलीचे पीठ फ्रीजमध्ये ठेवूनही फुगून भांड्याबाहेर येते, चक्का दोन दिवसांत आंबट होतो. फ्रीजरमधला बर्फ मात्र जागेवर असतो, त्यामुळे फ्रीज बिघडला आहे हे पटायलाच आठवडा जातो. दुसरे लक्षण म्हणजे फ्रीजरच्या मागच्या आतल्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकच्या पाठीवर साचत जाणारे पांढरे हिम. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ते दिसायलाच नको. तिसरे लक्षण आवाजाचे : आतला पंखा बर्फाला घासून खरखरतो आणि काही दिवसांनी तो आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणजे बरे झाले असे वाटते, पण बहुधा पंखा बर्फात पूर्ण अडकलेला असतो. याशिवाय भाजीच्या ट्रेखाली पाणी साचणे, कॉम्प्रेसर न थांबता चालू राहणे आणि महिन्याच्या वीजबिलात कारण न कळता वाढ होणे ही लक्षणेही याच घराण्यातली आहेत.

यातील निर्णायक लक्षण वेगळेच आहे. फ्रीज एक-दोन दिवस बंद ठेवून पुन्हा चालू केल्यावर तो उत्तम चालतो आणि काही दिवसांनी पुन्हा तसाच होतो का, हे पाहावे. होत असेल तर पुढचा मजकूर तुमच्यासाठीच आहे.

हे असे का होते

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडी एकाच ठिकाणी तयार होते. फ्रीजरच्या पाठीमागे पॅनेलच्या आड ॲल्युमिनियमची कॉइल असते, तिच्यावरून पंखा हवा फिरवतो आणि त्या हवेतला थोडा भाग एका मार्गाने खालच्या कप्प्यात सोडला जातो. हवेतील बाष्प कॉइलवर गोठते, म्हणून ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबून कॉइलखालचा हीटर काही मिनिटे चालू होतो, हिम वितळते आणि पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये जाते. वितळवण्याचे हे काम बंद पडले की हिमाचे थर चढत जातात, हवेची वाट बुजते आणि पहिली उपासमार खालच्या कप्प्याची होते, कारण त्याला मिळणारी थंडी वरूनच येते. कोकणातल्या पावसाळी हवेत बाष्प भरपूर असल्यामुळे हा बिघाड जून ते सप्टेंबरमध्ये अधिक लवकर उघडा पडतो.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिल्यांदा फ्रीजरमधले सामान पाहावे. आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस आमरसाच्या पिशव्या फ्रीजरमध्ये अशा कोंबलेल्या असतात की मागच्या जाळीतून हवा बाहेरच येऊ शकत नाही. अशा घरी मी पिशव्या चार बोटे पुढे ओढून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करायला सांगतो. बिघाड नसतानाही खालचा कप्पा तापण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. त्याच वेळी खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीवरील छिद्रांना पातेले टेकलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे आणि तापमानाचे बटण घरातल्या लहान मुलांनी फिरवले आहे का, तेही तपासावे.

त्यानंतर दरवाजाचे रबर. दहा रुपयांची नोट दारात अर्धी धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती सहज निसटली तर त्या जागी रबर बसत नाही आणि बाहेरची दमट हवा आत शिरते. चारही बाजूंना, विशेषतः बिजागराच्या बाजूला आणि खालच्या कोपऱ्यात, अशी ओढून पाहावी. ही तपासणी महत्त्वाची यासाठी की गळक्या रबरामुळे येणारे बाष्प चांगल्या हीटरलाही पुरून उरते आणि मग नवा हीटर टाकूनही तक्रार परत येते. रबर अनेकदा फाटलेले नसून फक्त चिकट आणि मळलेले असते. कोमट साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडे करून, वाकलेला भाग गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने शेकला तर बऱ्याच वेळा ते पूर्ववत बसते.

फ्रीजच्या मागे आणि बाजूंना हवेसाठी जागा हवी, हे सर्वांना माहीत असते आणि तरी फ्रीज भिंतीला टेकलेलाच असतो. हल्लीच्या बहुतेक फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, त्यामुळे बाजू गरम लागणे हा बिघाड नाही.

चौथी तपासणी मोजण्याची आहे. पाण्याने भरलेल्या पेल्यात साधा तापमापक ठेवून तो पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा. सकाळी ३ ते ५ अंश सेल्सिअस दिसले तर कप्पा ठीक आहे. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे बदलत नाही, म्हणून पेला. ‘गार वाटत नाही’ आणि ‘अकरा अंश आहे’ या दोन वाक्यांमध्ये मेकॅनिकच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

चोवीस तासांची परीक्षा

इतके करून फरक पडला नाही तर फ्रीज रिकामा करावा, पिन काढावी, दोन्ही दारे उघडी ठेवावीत, खाली जुनी चादर अंथरावी आणि पूर्ण चोवीस तास थांबावे. बर्फ सुरी, उलथने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. कॉइलची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते आणि एका टोच्याने काही शे रुपयांचा बिघाड काही हजारांचा होतो. मी बदललेल्या कॉइलपैकी बऱ्याचशा अशाच हातांनी फुटलेल्या होत्या, आणि प्रत्येक घरात ‘हलकेच लावले होते’ हे वाक्य ऐकले आहे.

चोवीस तासांनी फ्रीज चालू करून कॅलेंडरवर तारीख लिहावी. ही तारीख कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक सांगते. कप्पा पुन्हा ५ अंशांपर्यंत उतरला आणि आठवड्याने ते तीन आठवड्यांनी तक्रार परतली, तर दोष जवळजवळ निश्चितपणे वितळवण्याच्या यंत्रणेत आहे. कप्पा एकदाही नीट गार झाला नाही, तर आधी पंख्याचा आणि मग गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा संशय घ्यावा. भाजीच्या ट्रेखालचे पाणी तेवढे परत आले आणि थंडी ठीक असेल, तर फक्त निचऱ्याची नळी तुंबलेली आहे. फ्रीजरच्या तळाशी असलेल्या छिद्रात पिचकारीने कोमट पाणी सोडून ती मोकळी होते.

‘गॅस संपला’ या निदानाविषयी

वरील लक्षणांवर घरोघरी ऐकू येणारे निदान एकच : गॅस संपला. फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आमच्या थोरल्या वहिनींच्या फ्रीजमध्ये एका वर्षात दोनदा गॅस भरला गेला होता आणि दोन्ही वेळा पंधरा दिवस फ्रीज छान चालला, कारण गॅस भरताना फ्रीज दिवसभर बंद राहिला आणि बर्फ आपोआप वितळला. तिसऱ्यांदा मी पॅनेल उघडले, तेव्हा अडीचशे रुपयांचा बायमेटल, म्हणजे कॉइल थंड असतानाच हीटरला वीज जाऊ देणारा छोटा स्विच, बाद निघाला.

कॉइल उघडी पडल्यावर दोन्ही बिघाडांमधला फरक डोळ्यांनी दिसतो. वितळवण्याचा दोष असेल तर सबंध कॉइल जाड, घट्ट, पांढऱ्या बर्फाने सारखी भरलेली असते, मधल्या पट्ट्याही दिसत नाहीत. गॅस कमी असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच हिम असते आणि उरलेली कॉइल उघडी, नुसती ओलसर असते. कोणी ‘गॅस’ म्हणाला तर त्याला पॅनेल उघडून कॉइल दाखवायला सांगावे आणि मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. मात्र बर्फ वितळवून मग उघडले तर हा पुरावा नाहीसा होतो, म्हणून पॅनेल तक्रार सुरू असतानाच उघडावे लागते.

पॅनेलच्या आतल्या तपासण्या

येथून पुढे मल्टिमीटर हाताळण्याची सवय असेल तरच जावे, आणि पिन काढल्याशिवाय एकही स्क्रू सोडवू नये. हीटरला घरातला पूर्ण २३० व्होल्टचा दाब येतो आणि आजूबाजूला पाणीच पाणी असते.

पंखा सर्वांत सोपा. फ्रीज चालू असताना दाराजवळचे बटण बोटाने दाबून धरले की बहुतेक फ्रीजमध्ये पंखा फिरू लागतो आणि त्याचा आवाज येतो. काही नव्या फ्रीजमध्ये बटणाऐवजी चुंबकावर चालणारा सेन्सर असतो, तेथे ही युक्ती चालत नाही. पिन काढून पंख्याचे पाते हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर मोटर बदलावी.

त्यानंतर हीटर. २०० वॅटच्या हीटरचा रोध साधारण २६५ ओहम असतो. वॅट हीटरवर किंवा आतल्या चिठ्ठीवर लिहिलेले असतात आणि त्यावरून आपला आकडा काढता येतो (२३० गुणिले २३०, भागिले वॅट). मीटरने काहीच दाखवले नाही तर हीटर तुटला आहे. त्याच्याच ओळीत एक छोटा थर्मल फ्यूज असतो. तो उडाला असेल तर तारा थेट जोडून वेळ मारून नेणारे महाभाग आहेत. तसे कधीही करू देऊ नये, कारण हीटर अतितापला तर प्लास्टिक पेटण्यापासून वाचवणारा तोच एक भाग आहे.

बायमेटलच्या बाबतीत नवशिके हमखास चुकतात. तो थंडीतच जोडला जातो आणि सामान्य तापमानाला तुटलेलाच असतो, त्यामुळे टेबलावर ठेवून मोजला तर चांगला बायमेटलही खराब वाटतो. मी एका पेल्यात ठेचलेला बर्फ आणि मूठभर जाडे मीठ घालतो, म्हणजे कुल्फीच्या मटक्यात घालतात तसे मिश्रण, आणि बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात दहा मिनिटे ठेवतो. नुसत्या बर्फाचे शून्य अंश अनेक बायमेटलना पुरत नाहीत, मिठामुळे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. दहा मिनिटांनीही मीटर गप्प राहिला तर बायमेटल बदलावा. जुन्या फ्रीजमध्ये वेळ मोजणारा टायमर असतो आणि नव्यांमध्ये ते काम पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) आणि सेन्सर करतात. पीसीबीच्या डब्यात आमच्याकडे मेलेली पाल सापडणे नवीन नाही. पालीमुळे शॉर्ट झालेले पीसीबी मी दरवर्षी पाहतो.

येथे थांबावे

पुढील प्रसंगांत स्वतः काहीही करू नये. फ्रीजच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पिन काढून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. कॉम्प्रेसरजवळ ‘टक’ असा आवाज दर काही मिनिटांनी येत असेल, जळका वास येत असेल, किंवा गॅसच्या नळ्यांना हात घालायची वेळ आली असेल तर प्रशिक्षित तंत्रज्ञ बोलवावा. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असते आणि ते स्वयंपाकाच्या गॅसइतकेच ज्वलनशील आहे. कॉम्प्रेसरवरच्या चिठ्ठीवर त्याचे नाव आणि ज्वालेचे चिन्ह असते. अशा फ्रीजची नळी आत गॅस असताना ज्योतीने झाळणारा माणूस दिसला, तर त्याला घराबाहेर काढण्यात संकोच करू नये. वॉरंटी चालू असेल तर पॅनेलही उघडू नये, कारण बाहेरच्या हाताने उघडलेला फ्रीज कंपनी नाकारू शकते.

आता हिशेब

दुरुस्त करायचे की नवा घ्यायचा, हे केवळ फ्रीजच्या वयावर ठरवणे मला पटत नाही. बायमेटल, हीटर, सेन्सर, पंखा, रबर, निचऱ्याची नळी यांपैकी काही असेल तर फ्रीज बारा वर्षांचा असला तरी मी दुरुस्तच करायला सांगतो, एवढ्याच अटीवर की सांगाडा गंजलेला नसावा आणि बाहेरच्या पत्र्याला घाम येत नसावा. पत्र्याला एकाच जागी सतत घाम येणे म्हणजे आतल्या फोममध्ये पाणी शिरले आहे, आणि ते सुकवण्याचा उपाय नाही. खाऱ्या वाऱ्याच्या गावांत तळाचा पत्रा सातव्या-आठव्या वर्षीच चाळणी झालेला मी पाहिला आहे.

पीसीबी गेला असेल तर गणित बदलते. दुरुस्तीचा एकूण खर्च तेवढ्याच क्षमतेच्या नव्या फ्रीजच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल आणि फ्रीज आठ वर्षांपुढचा असेल, तर मी नव्याच्या बाजूने असतो. फोमच्या आतल्या नळीत गळती असेल तर वय न विचारता नवा घ्यावा, कारण ती दुरुस्ती टिकत नाही. कॉम्प्रेसरसाठी आधी वॉरंटी कार्ड काढावे. अनेक फ्रीजना कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी असते, पण ती बहुधा केवळ त्या भागापुरती असते. गॅस, मजुरी आणि वाहतूक ग्राहकाच्या माथी येते, म्हणून ‘कॉम्प्रेसर फुकट’ ऐकून खुश होण्याआधी उरलेला आकडा लेखी मागावा.

‘जुना फ्रीज वीज खातो, म्हणून बदला’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो तपासून पाहता येतो. एकाच उपकरणाचा वीजवापर मोजणारा प्लग मिळतो, त्यावर फ्रीज चोवीस तास चालवावा. समजा तो १.३ युनिट दाखवतो, म्हणजे वर्षाला सुमारे ४७५ युनिट. नव्या फ्रीजच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, समजा २२५. फरक २५० युनिटांचा झाला. महावितरणचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो आणि वाचलेले युनिट सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून आपल्या बिलातील वरचा दर धरावा. इंधन समायोजन, वहन आकार वगैरे मिळून तो १० रुपये धरला तर वर्षाला २,५०० रुपये वाचतात आणि ३०,००० रुपयांचा फ्रीज केवळ विजेच्या बचतीतून बारा वर्षांनी फिटतो. हे मोजमाप बर्फाची तक्रार दुरुस्त केल्यावरच करावे, कारण बर्फाने बुजलेला फ्रीज अखंड चालतो आणि आकडा फुगतो.

विस्तारित वॉरंटी, एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि विमा

या तीन गोष्टी एकच समजल्या जातात. विस्तारित वॉरंटी मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते, त्यामुळे खरेदीच्या दिवशी पैसे भरले तरी पहिल्या वर्षी तिचा उपयोग नसतो. या लेखातल्या तक्रारीपुरते बोलायचे तर बायमेटल, सेन्सर, पंखा यांचा खर्च बहुधा योजनेच्या किमतीपेक्षा कमीच असतो आणि कॉम्प्रेसरला बहुधा कंपनीची वॉरंटी आधीच असते. खरा धोका उरतो तो पीसीबीचा. म्हणून इन्व्हर्टर फ्रीज, म्हणजे ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग पीसीबी कमीजास्त करतो तो, असेल आणि गावात वीज सतत खालीवर होत असेल तरच मी अशी योजना घ्यायला सांगतो, तीही अटी वाचून. दाबातील चढउतारामुळे, उंदरांमुळे किंवा किड्यांमुळे झालेले नुकसान वगळलेले असेल तर आपल्याला ज्याची भीती आहे नेमके तेच वगळले आहे. रबर, प्लास्टिक आणि गॅस यांत धरले आहेत का, आणि दुरुस्ती शक्य नसल्यास पूर्ण किंमत मिळते की घसारा वजा करून, हेही पाहावे. जुन्या फ्रीजच्या एएमसीपेक्षा तेवढेच पैसे बाजूला ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

घराचा विमा ही निराळी गोष्ट आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा ही एकसमान पॉलिसी मिळते. तिच्यात इमारतीचा विमा उतरवला की घरातील सामान्य वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते, आणि भाडेकरूला केवळ सामानाचाही विमा घेता येतो. आग, वीज पडणे, वादळ, पूर यांसाठी ती आहे. फ्रीज आपोआप बंद पडला, बायमेटल गेला किंवा कॉम्प्रेसर जुना होऊन थांबला तर ती काही देत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात चिखलात आडवे झालेले फ्रीज पाहिले, तेव्हा दुरुस्ती की नवा हा प्रश्न उरलाच नव्हता. फोम, तारा आणि पीसीबी सगळेच गेले होते. नदीकाठी, खाडीकाठी किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांनी म्हणूनच विस्तारित वॉरंटीचे पैसे वाचवून ते या पॉलिसीत घालावेत, आणि उपकरणांची बिले व मागच्या पट्टीवरील अनुक्रमांकाची छायाचित्रे घराबाहेर, म्हणजे मेलवर किंवा नातेवाइकांकडे, ठेवावीत. दावा करताना हीच कागदपत्रे मागितली जातात.

वॉरंटीतली दुरुस्ती टाळली जात असेल तर प्रत्येक भेटीचा जॉबकार्ड क्रमांक लिहून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एकच दोष तीनदा परत आल्याची तारखांसह नोंद असली की बोलणे सोपे होते, आणि कॅलेंडरवर लिहिलेली ती तारीख येथेही कामी येते.

नवा फ्रीज घेण्याचे ठरलेच तर जुना भंगारवाल्याला देताना अंगणात त्याची नळी कापू देऊ नये. आतला गॅस मोकळा सुटतो आणि आर-६००ए असेल तर ठिणगीने पेट घेऊ शकतो. नवा देणाऱ्या दुकानदाराकडे किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे तो द्यावा, आणि न्यायला येईपर्यंत तो पडवीत उभा राहणार असेल तर दोन्ही दारे बिजागरातून काढून ठेवावीत, म्हणजे खेळता खेळता एखादे मूल आत शिरून अडकणार नाही.